मागच्या टायरची रुंदी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. रविवारी सकाळी आमच्या कट्ट्यावर गाड्यांच्या मागच्या टायरची रुंदी ओळखण्यात माझा जो दरारा होता, तो निव्वळ कॉपीवर उभा होता.

कट्टा म्हणजे लालबागला आमच्या चाळीच्या तोंडाशी असलेल्या बंद पिठाच्या गिरणीची पायरी. समोर सिग्नल. पलीकडे, जिथल्या कापडगिरणीत माझ्या वडिलांनी साचे चालवले, तिथे आता टॉवर. त्या टॉवरमधल्या श्रीमंतांची पोरं रविवारी सकाळी आपापल्या स्पोर्ट्स कार बाहेर काढतात. जमिनीला पोट घासत जाणाऱ्या, एकदा गुरगुरल्या की चाळीतल्या पातेल्यांवरची झाकणं थरथरवणाऱ्या. त्या सिग्नलला थांबल्या की पायरीवरून त्यांची फक्त पाठ दिसते. म्हणून आमचा खेळ मागच्या टायरचा.

खेळणारे तिघे. एक मी. दुसरा माझा बालमित्र, त्याच चाळीतला, तिसऱ्या माळ्यावरचा. तिसरे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले पण शिकवण्यातून नाही. टायरच्या अंगावर आकडे छापलेले असतात, त्यातला पहिला म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. आम्ही तेवढाच धरायचो. पुढच्या आकड्यात टक्केवारी येते, आणि टक्केवारी म्हटली की मास्तर फळा शोधू लागतात. सिग्नल लाल असेपर्यंत प्रत्येकाने आपला आकडा बोलायचा, मग मास्तरांनी रस्त्यात उतरून, गाडीमागे वाकून खरा आकडा वाचायचा. एकदा आतल्या पोराने काच खाली करून विचारलं, “अंकल, कुछ गिरा क्या?” मास्तर म्हणाले, “नहीं बेटा, पढ रहा हूँ.” जो जिंकेल त्याला पुढच्या रविवारपर्यंत बाकीच्यांनी साहेब म्हणायचं, त्याच्या बायकोसमोरही. माझ्या बायकोला या साहेबपणाची इतकी सवय झाली की तिने ते वापरायलाच सुरुवात केली. साहेब, दळण आणा.

माझा मित्र हातावर मोजायचा. एक डोळा मिटून, हात पुढे धरून, अंगठा आणि करंगळी ताणून. “वीत आणि वर दोन बोटां,” असं पुटपुटायचा आणि आकडा सांगायचा. बऱ्याचदा बरोबर, कधी एका घराने, म्हणजे दहा मिलिमीटरने, चूक. मी मात्र गाडीकडे धड बघायचोही नाही. चहाचा घोट घेत सांगायचो, “दोनशे पंचाहत्तर.” आणि तो निघायचा दोनशे पंचाहत्तर.

त्याचं कारण साधं होतं. मी लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत आहे आणि त्या टॉवरच्या लिफ्ट माझ्याकडे आहेत. शनिवारी तपासणीला जायचो तेव्हा वाट तळघरातल्या पार्किंगमधूनच होती. गाड्या तिथेच झोपलेल्या असायच्या. मी फक्त जाता जाता वाचायचो. इतकंच. पहिल्यांदा सहज वाचलं होतं, दुसऱ्यांदा मुद्दाम, आणि पुढे लिफ्ट तपासायला जातोय की टायर, हे माझं मलाच कळेनासं झालं.

मग ती पिवळी गाडी आली. शनिवारी बघितली तेव्हा शेपूट भिंतीला लावून, अंगावर कव्हर घालून उभी. कव्हर पुढून जरा वर सरकलेलं, तेवढा पुढचा टायर उघडा. मी वाचलं, दोनशे पंचेचाळीस. बास. मागचा बघायला भिंतीत शिरावं लागलं असतं, आणि गरजही वाटली नाही. आमच्या हयातीत जी काही चारचाकी आमच्या वाट्याला आली, लग्नाच्या वरातीची, भावाने गावाला नेलेली, टॅक्सी, टेम्पो, तिचे चारही टायर एकाच मापाचे, स्टेपनीसकट. पुढचा आणि मागचा वेगळा असू शकतो हे आमच्या डोक्यात येणारच कुठून? शर्टाच्या दोन बाह्या दोन मापांच्या असतील का, असं आहे ते.

रविवारी ती पिवळी सिग्नलला आली. मी चहातून मान वर न काढता म्हटलं, “दोनशे पंचेचाळीस.” मित्राने हात धरला, डोळा मिटला, मग दुसरा मिटून बघितलं.

“तीनशे पाच,” तो म्हणाला.

मास्तर हसले. एवढा टायर रोड रोलरला असतो, असं काहीतरी म्हणाले, दोनशे पंचावन्न सांगून मोकळे झाले आणि उठले. पण ते पायरी उतरेपर्यंत सिग्नल सुटला आणि पिवळी पुलाखालून नाहीशी झाली. निकाल कोण देणार? दोघांनी माझ्याकडे बघितलं. माझा आकडा चुकत नाही, तेव्हा मीच न्यायाधीश.

“दोनशे पंचेचाळीसच,” मी म्हटलं.

“नाय रे. डोळ्याला तीनशेच्या वर दिसता.”

“मग डोळे तपासून घे. साठ मिलिमीटर चुकतोयस तू.”

मी हसत म्हटलं होतं. मास्तरही हसले. तोही हसला, पण त्याने आपल्या पंजाकडे एकदा उलटसुलट बघितलं. तो पंजा मला अजून दिसतो.

आता त्याचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. आमच्या मंडळाचा गणपती कारखान्यातून आणताना ट्रॉलीपुढे एक माणूस बांबू घेऊन चालतो. वरच्या वायरी उचलायच्या, आणि दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमधून मूर्ती जाईल की घासेल, हे नजरेने ठरवायचं. त्याने हात वर केला की ट्रॉली थांबते. आमच्या गल्लीत हा मान माझ्या मित्राचा. पोटापाण्यासाठी त्याने बरंच काही केलं, धड काहीच टिकलं नाही, पण आगमनाच्या दिवशी अख्खी गल्ली त्याच्या हाताकडे बघायची.

तो खरंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, वयाप्रमाणे आहे. त्याने त्यातला फक्त ‘वयाप्रमाणे’ घरी आणला. पुढच्या शनिवारी मी तळघरात गेलो तर पिवळीचं कव्हर काढलेलं, गाडी उलटी लावलेली. मागचा टायर समोर. तीनशे पाच. जाड अक्षरात, चष्मा न लावता वाचता येईल असं. पुढे जाऊन पाहिलं, तिथे दोनशे पंचेचाळीस. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे; वॉचमनने विचारलं, साहेब, लिफ्ट बंद पडली का?

रविवारी सांगू म्हटलं. पण सांगायचं तर मला कसं कळलं तेही सांगावं लागणार, म्हणजे सगळ्याच रविवारांचा हिशेब निघणार. गप्प राहिलो. मंडळाच्या सभेत मित्राने सांगितलं की यंदा बांबू दुसऱ्याला द्या, माझा अंदाज गेला. आणि पोरांनी तो कोणाला दिला? मला. जो बसल्या जागी टायरची रुंदी सांगतो त्याला गॅलरीचं अंतर काय अवघड, असा त्यांचा विचार. मित्रानेच माझं नाव सुचवलं होतं.

मी मेजर टेप घेऊन गल्ली मोजली. कोणी विचारलं की सांगायचो, ऑफिसचं काम. कारखान्यात जाऊन मूर्तीची रुंदी विचारून घेतली. गणित चोख जमलं. फक्त ट्रॉली वळताना पुढचं तोंड आत जातं आणि मागची प्रभावळ बाहेर फेकली जाते, हे टेपला माहीत नव्हतं आणि मलाही. वळणावर मी पुढे बघून, चला, चला, असा हात हलवत होतो. माझा मित्र फुटपाथवर बायकापोरांच्या मागे उभा होता. त्याने नुसता हात वर केला. ट्रॉली ढकलणारी पोरं थांबली. सवयीने, माझ्याकडे न बघता.

“मागचा बघ,” तो मला म्हणाला. “गॅलरीक लागता.”

प्रभावळ आणि लोखंडी गज यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी कशीबशी गेली असती. त्याने बोटांनी खूण केली, ट्रॉली जराशी मागे, मग डावीकडे, आणि बाप्पा अलगद सुटले. ताशे परत सुरू झाले. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, कारण बांबू माझ्या हातात होता. मी त्या घेतल्या.

मांडवात मूर्ती ठेवल्यावर तो प्रसाद घेऊन माझ्याजवळ आला.

“तुझ्या कामात हात घातला, सॉरी हां,” तो म्हणाला. “तुझ्या नजरेत बसलंच असणार ते. माझं काय खरं नाही आता.”

मी मान डोलावली. ‘नाही रे’ एवढंही म्हटलं नाही.

तळघरात आता मी गाड्या टाळून दुसऱ्या, लांबच्या जिन्याने उतरतो. कट्ट्यावर माझे आकडे चुकू लागलेत. मास्तर म्हणतात, साहेबांचा फॉर्म गेला. मित्र रविवारी येतो, चहा घेतो, पण हात पुढे धरत नाही, आकडा सांगत नाही. या सगळ्याला वर्ष होत आलं; यंदाच्या सभेची नोटीस लागली आहे आणि बांबू माझ्याच नावावर आहे. हे लिहिलेलं तो कदाचित वाचेलही, पण लिहिणं म्हणजे त्याला सांगणं नव्हे, एवढं मला कळतं.

त्याचा आकडा बरोबर होता आणि माझा चोरलेला होता, हे मास्तरांसमोर आणि मंडळाच्या सभेत, त्याच्याकडे बघून, मी त्याला सांगण्याचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.