माझा बँड कंपनीत आला तेव्हा

म्हैसुरातल्या हेब्बाळला जाणारी कंपनीची बस सकाळी माझ्या थांब्यावर येते तेव्हा आत आधीच तीन-चार मोबाइल वाजत असतात. कुणाचं प्रवचन चालू असतं, कुणाची पाककृती, आणि मागच्या सीटवरचा आमचा टीम लीड सिनेमातल्या त्या आठवड्याच्या गाण्याचा एवढासा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत असतो. गाणं पूर्ण ऐकावं असं त्याला कधीच वाटत नाही. तुकडा संपला की मान डोलावतो आणि तोच पुन्हा लावतो. मी खिडकीशी बसते आणि कानांवर मोठे हेडफोन चढवते. बघणाऱ्याला वाटेल, या बाईला शांतता आवडते. शांततेशी माझं काही देणंघेणं नाही. मला फक्त यांचं संगीत नको असतं.

मी ऐकते ते इंडी बँड. ज्यांच्यामागे सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही, जे स्वतः गाणी लिहितात, स्वतः रेकॉर्ड करतात आणि बहुतेक वेळा स्वतःच ऐकतात, असे. अल्बम मी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकते, मधलं काही न गाळता. गाण्यांचा क्रम कुणीतरी डोकं खाजवून लावलेला असतो. उलटसुलट कशीही गाणी ऐकणाऱ्या माणसाशी माझी मैत्री होऊ शकत नाही, आणि आजवर झालेलीही नाही.

घरी अण्णा आणि मी, दोघंच. अण्णा बँकेतून निवृत्त झालेत. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते, हे ते घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही सांगून झालंय. घोडे केव्हाच गेले. आता आमच्याकडे उरलंय ते एक मराठी, ज्यात निम्मं कन्नड आहे, आणि अण्णांचा ताठ कणा. माझ्या खोलीतून गिटारचा आवाज आला की ते दारात येऊन उभे राहतात.

"हे गाणं आहे की भांडण गं?"

"गाणं आहे, अण्णा."

"मग स्वल्प हळू लाव की. शेजारच्यांना वाटेल आपल्या घरात गलाटा चाललाय."

म्हैसुरात असल्या संगीताला जागा नाही. दसऱ्यात मोठ्या मैदानावर सिनेमाचे गायक येतात आणि सगळं गाव धूळ उडवत नाचतं. एरवी योग शिकायला आलेल्या परदेशी लोकांसाठी काढलेले कॅफे आहेत. तिथे कोपऱ्यात एक दाढीवाला गिटार घेऊन जुनी इंग्रजी गाणी म्हणतो, आणि लोक त्याच्याकडे पाठ करून ॲव्होकाडो टोस्ट खातात. म्हणून मी कार्यक्रमाला बंगळूरला जाते, रेल्वेने, बहुतेक रविवारी दुपारी.

तिथेही फार सुख आहे असं नाही. एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात हे कार्यक्रम होतात. येणाऱ्यांपैकी निम्मे दिसण्यासाठी आलेले असतात आणि उरलेले ते दिसल्याचे फोटो काढण्यासाठी. गाणं सुरू झालं की हातातले मोबाइल वर जातात. मध्यंतरात एकच विषय, कोण या बँडला कधीपासून ऐकतंय. "यांचं पहिलं गाणं आलं तेव्हापासून," असं एक म्हणतो, तर दुसरा म्हणतो, "त्याच्याही आधी, कॉलेजात वाजवायचे तेव्हापासून." ही स्पर्धा मला हास्यास्पद वाटते, आणि तीत मी नेहमी जिंकते.

ज्या बँडच्या बाबतीत मी जिंकते, तो चौघांचा. कन्नडमध्ये गातात. गाणारा पिरियापट्टणकडचा आहे, आणि तिकडे तंबाखूची पानं भट्टीच्या उष्णतेवर वाळवतात त्या कोठीवर त्याचं एक गाणं आहे. अतिशय संथ गाणं. शेवटी बराच वेळ शब्दच नाहीत. एक गिटार तेवढी एकाच सुरावर रेंगाळत राहते आणि मग विझते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या तळघरात आम्ही दहा-बारा जण होतो. गाणं संपेपर्यंत पाच-सहा उरले. मी पुढे सरकून स्टेजला लागून उभी राहिले. त्यानंतर त्यांचा एकही कार्यक्रम मी चुकवला नाही, आणि दर वेळी त्याच जागी उभी राहिले.

आता बसमधल्या माझ्या शेजारणीबद्दल. ती दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदली होऊन आली. मी मराठी बोलते हे कळल्यावर तिला इतका आनंद झाला की ती रोज माझ्याच शेजारी बसायला लागली. माझं मराठी मात्र तिला गमतीचं वाटतं. एकदा मी म्हणाले, "थांब, एवढी इडली खाऊन सोडते." तर ती आठवडाभर ज्याला त्याला ते सांगत सुटली. खाऊन सोडते म्हणजे काय, कुणाला सोडतेस, असं विचारत राहिली. कन्नडमध्ये असंच म्हणतात, आणि आमच्या घरी किती पिढ्या असंच म्हणतात, हे तिला समजावणं मी सोडून दिलं.

ती कंपनीच्या सांस्कृतिक समितीवर होती. आमच्या कंपनीत रांगोळी स्पर्धा आणि वाढदिवसाचा केक यांना संस्कृती म्हणतात. यंदा वार्षिक दिनाला खरा बँड आणायचा असं समितीने ठरवलं आणि ती माझ्या मागे लागली.

"तू एवढं ऐकतेस, एखादा चांगला बँड सुचव ना."

"तुम्हाला झेपणार नाही."

"असं काय करतेस? सगळे कंटाळलेत त्याच त्या ऑर्केस्ट्राला."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मनात कुठेतरी वाटलं, एकदा या लोकांच्या कानांवर खरं गाणं पडू दे. त्या टीम लीडने एकदा तरी एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकावं. मी तिला माझ्या बँडचं नाव सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती आनंदाने बसमध्ये चढली. "ठरलं. फोनवर इतका छान बोलला तो गाणारा. मी म्हटलं, आम्हाला सिनेमाची गाणी हवीत, कन्नड, हिंदी आणि एखादं तरी मराठी. तो म्हणाला, चालेल की."

"चालेल म्हणाला?"

"हो. मराठी गाणं बसवायला थोडा वेळ द्या म्हणाला. किती गोड."

मला वाटलं, हा नम्रपणा असणार. ऐन वेळी तो स्टेजवर आपलंच गाईल आणि सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील. मी त्या दिवसाची वाट पाहायला लागले.

वार्षिक दिन शुक्रवारी होता. कॅम्पसमधल्या उघड्या रंगमंचावर चार वाजल्यापासून भाषणं सुरू झाली. उत्कृष्ट कर्मचाऱ्यांना काचेच्या ढाली मिळाल्या. एका बाजूला जेवणाचे स्टॉल होते, आणि तिथली गर्दी रंगमंचासमोरच्या गर्दीपेक्षा मोठी होती. ऊन उतरता उतरता माझा बँड स्टेजवर आला. चौघांनी सारखे पांढरे शर्ट घातले होते. आजवर त्यांना मी धुतलेल्या कपड्यांत फारसं पाहिलं नव्हतं. मी सवयीने पुढे जाऊन उभी राहिले.

पहिलं गाणं टीम लीडचं निघालं. म्हणजे तेच, ज्याचा तुकडा मी बसमध्ये आठवडाभर सोसला होता. बँडने ते अख्खं वाजवलं, आणि वाईट गोष्ट अशी की उत्तम वाजवलं. गाणारा उड्या मारत होता. टाळ्या वाजवा म्हणत होता आणि लोक वाजवत होते. मग दुसरं, मग तिसरं. मराठी गाणं आलं तेव्हा पुण्याची माझी शेजारीण पदर खोचून नाचायला लागली. गाणाऱ्याचे उच्चार माझ्यापेक्षाही भयानक होते, पण त्याच्या उच्चारांना ती हसली नाही.

शेवटी तो म्हणाला, "आता आमचं स्वतःचं एक गाणं," आणि कोठीचं गाणं सुरू झालं. मी ओळखलं ते शब्दांवरून. चाल पळत होती. ड्रमवाल्याने लग्नाच्या वरातीत शोभेल असा ठेका धरला होता, आणि जिथे ती गिटार विझायची तिथे सगळ्यांनी मिळून हात वर करायचे होते. सगळ्यांनी केले. टीम लीड डोसा हातात घेऊन नाचत होता.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजच्या मागे गेले. चौघं ताटं घेऊन बसले होते. गाणाऱ्याने मला पाहिलं आणि ड्रमवाल्याला कोपर मारलं.

"अरे, बघ कोण आहे. त्या मॅडम."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो, पण त्याने ओळखलं होतं.

"तुम्ही इथे काम करता?" त्याने कन्नडमध्ये विचारलं. "आम्हाला वाटायचं, तुम्ही कुठल्यातरी पेपरात लिहिता."

"मी टेस्टर आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते."

चौघं एकमेकांकडे बघून हसले. गाणारा म्हणाला, "राग मानू नका मॅडम, पण आम्ही तुम्हाला घाबरायचो. तळघरात तुम्ही अगदी समोर उभ्या, हात बांधून. चेहरा असा की आम्ही काहीतरी गुन्हा केलाय. आम्ही आपसात म्हणायचो, यांना एवढं आवडत नाही तर या येतात कशाला?"

"मला आवडायचं," मी म्हणाले.

"मग चेहऱ्याला सांगायचं होतं की."

मी विचारलं, "कोठीचं गाणं असं का वाजवलंत?"

"कसं?"

"वरातीसारखं."

त्याने भाताचा घास तोंडात घातला. "तुम्ही ऐकता तसं हळू वाजवायचा आता मलाच कंटाळा येतो. किती लांब आहे ते. तुमच्याखेरीज कुणी शेवटपर्यंत थांबायचं नाही, आणि तुम्ही थांबलात की आम्हाला टेन्शन. आज बघा, लोक नाचले."

"दुसऱ्या कडव्यात तुमचा बास गिटारवाला चुकला," मी म्हणाले.

"चुकणारच," बासवाला मान वर न करता म्हणाला. "तुम्ही समोर होतात."

घरी गेले तेव्हा अण्णा बातम्या बघत होते. त्यांनी विचारलं, "कसा झाला?" मी सगळं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, जे ते फक्त निवडणुकीच्या निकालानंतर करतात.

"तुझा चेहरा आहेच तसा," ते म्हणाले. "माझाही तसाच. बँकेत लोक कर्ज मागायला यायचे आणि माझ्याकडे बघून परत जायचे. आपल्या घराण्यात तो घोडदळापासून आलाय."

"मला सांत्वन नकोय, अण्णा."

"सांत्वन कोण करतंय? सुम्मने सांगतोय, उगीच आपलं."

पुढच्या महिन्यात बँडचा तळघरात कार्यक्रम होता. मी गेले नाही. त्या रविवारी दुपारभर घरात फिरत राहिले, कपाटं आवरली, अण्णांशी दोनदा भांडले. संध्याकाळी ते म्हणाले, "पुढच्या वेळी जा बाई. तू घरी असलीस की मला झोप मिळत नाही."

त्याच्या पुढच्या महिन्यात गेले. शेजारीण सोबत आली. मी बोलावलं नव्हतं, पण तिने बसमध्येच तिकीट काढून टाकलं होतं. तळघरात गर्दी चांगलीच वाढली होती. कंपनीतल्या कुणीतरी काढलेला तो नाचाचा व्हिडिओ बराच फिरला होता म्हणे, आणि त्यावरून आलेले लोक आता शेजाऱ्याला सांगत होते की आपण यांना फार पूर्वीपासून ऐकतो. मी मागे, भिंतीला टेकून उभी राहिले. तिथून गाणाऱ्याचं अर्धं डोकं तेवढं दिसत होतं. कोठीचं गाणं वरातीच्या ठेक्यावरच झालं. सगळ्यांनी हात वर केले, माझ्या शेजारणीने दोन्ही. माझे हात बांधलेलेच राहिले. पण मागच्या अंधारात त्याने कुणाचं काही बिघडलं नाही, आणि बासवाला एकदाही चुकला नाही. हे मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं.

परतीच्या गाडीत ती भारावलेली होती. "काय मजा आली. मला आधी का नाही नेलंस? आणखी कुणाला ऐकू, सांग ना. तुझा सगळ्यात आवडता, अगदी कुणाला माहीत नसलेला."

तसा एक आहे. दोघीच आहेत, बहिणी, घरच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड करतात. त्यांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग तिला एका भलत्याच बँडचं नाव सांगितलं. बरा वाजवतो तो, पण सगळी गाणी पावसाची आणि फिल्टर कॉफीची. मी त्याचा अल्बम एकदा ऐकून पुन्हा लावला नव्हता.

तिला तो फार आवडला. आता रोज सकाळी बसमध्ये ती मला त्याच्याबद्दल सांगते, आणि मी ऐकून घेते.