बाळूभाऊंच्या टायरची हवा

गिरणीत बसलं की अंगावर पीठ बसतं. झटकलं तरी थोडं केसात राहतंच. किश्श्यांचंही तसंच. शहागडला हायवेच्या मागच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे. दळण होईस्तोवर बाया ओट्यावर बसतात, अन् बाया बोलायला लागल्या की मी काही कानात बोळे घालून बसत न्हाई. त्यातून शेजार बाळूभाऊंचा, मधली भिंत कमरेएवढी. दिसतं ते दिसतं, त्याला मी काय करू? ह्या माणसानं गेल्या पावसाळ्यात टायरमध्ये हवा भरायचा एक कॉम्प्रेसर निवडला, अन् माझ्याकडं किस्से इतके साठले की सांगितल्याबिगर चैन पडेना.

सुरुवात बैलांपासून करावी लागते. बाळूभाऊंनी बैलजोडी विकली, गाडीसुद्धा विकली अन् चारही चाकांना जोर असलेला पिकअप ट्रक घेतला. त्यांच्या बायकोचा, मंदाचा, एकच सवाल होता, की मोसंबी बाहेर कशी काढायची. नदीकडच्या रानात तिनं लावलेली बाग तवा पहिल्यांदा फळाला आली होती. उन्हाळ्यात डोक्यावर पाणी वाहून तिनं ती झाडं जगवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रान असं काळं, की पावसात पाय टाकला तर चप्पल तिथंच राहते. व्यापारी आपली गाडी आत घालायला तयार न्हाई. तो डांबरी रोडवर उभा राहणार, तिथवर माल आपण आणायचा.

"मंग गाडी कशासाठी घेतली?" बाळूभाऊ म्हणाले. "माल डुलत डुलत येईल."

मंदा भिंतीवरून मला म्हणाली, "आक्का, बैलं तर गेली. आता ह्यांच्या डुलण्यावर माझी मोसंबी हाये."

*

आधी गाडीला नवी मोठी टायरं आली. एवढी उंच, की गाडीत चढायला मंदाला मी गिरणीतलं स्टूल दिलं. ते अजून परत आलं न्हाई, पण ते जाऊ द्या.

बाळूभाऊंचे दोन सल्लागार. एक गवारे सर. शाळेत भूगोल शिकवतात अन् बाकी सगळं मोबाईलवर शिकतात. दुसरे अण्णा, रोडाची कामं घेणारे ठेकेदार. सरांनी सांगितलं, की चिखलात टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतं अन् गाडी रुतत न्हाई. खोटं कशाला बोलू, ते खरं निघालं. गाडी रानातून अलगद वर आली. पण रोडवर आल्यावर तिघांच्या ध्यानात आलं, की सोडलेली हवा परत भरायची कुठं? हवेचा पंप गावाजवळ. बसक्या टायरवर जोरात गेलं तर टायर फाटतं. मंग निघाले हळूहळू, अण्णा पुढं पायी, सर मागं पायी.

मागून एक म्हातारी शेळ्या घेऊन येत होती. तिनं शेळ्या गाडीच्या पुढं काढल्या अन् डोक्यावरचा पदर नीट करत हळूच विचारलं, "कोण वारलं बाबा?"

*

हवेचं मशीन गाडीतच पाहिजे, असं त्याच सांजेला माझ्या ओट्यावर ठरलं. मंग कोणतं घ्यायचं, ह्यावर आठवडाभर खल. सर रोज नवा व्हिडिओ पाहून येत अन् कालचं मत पुसून टाकत. अण्णांचं मत मात्र एकच, दीडशे प्रेशरचं घ्या. का, तर त्यांच्या साडूकडं एकशेवीसचं होतं.

आता बाळूभाऊंच्या टायरला लागतात पस्तीस. मंदा चहा घेऊन आली, तिनं हे ऐकलं. म्हणाली, "घरात जेवणारी चार माणसं अन् तुम्ही पंगतीचं पातेलं आणून राह्यलात."

अण्णा म्हणाले, "वहिनी, पातेलं मोठं असलं की लोक इज्जत देतात."

पातेलं आलं. माझ्या जेवणाच्या डब्याएवढं होतं. त्यावर लाल रंगात दीडशे असं लिहिलं होतं, अन् तो आकडाच मशीनपेक्षा मोठा दिसत होता.

*

त्या डब्याची वायर पहिल्या दिवशी मोबाईल चार्ज करायच्या भोकात खुपसली. फ्यूज उडाला अन् गाडीतली गाणी बंद पडली. बाळूभाऊंना हवेपेक्षा गाण्यांचं जास्त वाईट वाटलं. मंग सरांनी व्हिडिओ मागं सरकवून पाहिला. त्यात वायर सरळ बॅटरीला लावा, असं सुरुवातीलाच सांगितलं होतं.

तशी लावली. एक टायर भरलं. दुसरं अर्धं झालं अन् डबा तापून आपोआप बंद. हात लावला तर चटका. आता हे थंड कसं करायचं? सरांनी पेपर घेतला, अण्णांनी गळ्यातला रुमाल काढला अन् बाळूभाऊ माझ्या गिरणीतलं सूप घेऊन गेले. तिघं उकिडवे बसून त्या डब्याला वारा घालत होते.

दळणाला आलेली एक बाई बराच वेळ पाहत होती. तिनं विचारलं, "काय करून राह्यले वो?"

मी म्हणलं, "हवा भरून राह्यले."

"कोणाला?"

*

दुसरं मशीन मोठं आलं. ते गाडीला मागच्या बाजूला बोल्ट मारून पक्कं बसवलं. चालू केलं तर माझ्या गिरणीचा आवाज दबला. मागची दोन्ही टायरं पटापट भरली. पुढच्या टायरकडं गेले, तर पाईप पोचेना. एक हात कमी.

अण्णा लगेच म्हणाले, "गाडी फिरवून लाव ना. पंपावर आपण काय करतो?"

हे बिलकुल बरोबर आहे असं तिघांनाही वाटलं. आमची गल्ली अरुंद. सर मागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत राह्यले, अन् येऊ देता देता माझ्या भिंतीचा कोपरा गेला. घाम गाळून गाडीचं तोंड हायवेकडं होतं ते नदीकडं केलं. बाळूभाऊ पाईप घेऊन रुबाबात पुढच्या टायरकडं निघाले.

पाईप जिथं मघाशी संपला होता, तिथंच संपला.

सरांनी चष्मा पुसला. शेवटी अण्णा म्हणाले, "गल्लीच छोटी हाये."

*

तिसरं मशीन मात्र चांगलं निवडलं, हे मी मान्य करते. जाड वायर, लांब पाईप, धूळ अडवायला जाळी, हवा साठवायची टाकी. तेही गाडीलाच बसवलं. नारळ फुटला, हळदीकुंकू लागलं, अन् गल्लीची वर्दळ सुरू झाली. कोणाची सायकल, कोणाची मोटारसायकल, शाळेचा फुटबॉल, बारशाचे फुगे. मी पण माझ्या मोटरीतलं पीठ उडवून घेतलं, शेजार कशाला असतो मंग? बाळूभाऊ सगळ्यांना हवा देत होते अन् सर प्रत्येकाला प्रेशर समजावून सांगत होते.

तिकडं मोसंबी गळायला लागली होती. व्यापाऱ्यानं निरोप धाडला, की सोमवारी माल रोडवर आला तर घेतो, न्हाईतर मी कुंभार पिंपळगावकडं गाडी वळवतो.

मंदानं गळालेल्या मोसंब्यांची एक पाटी आणून माझ्या ओट्यावर ठेवली अन् निघून गेली. एक शब्द बोलली न्हाई. तिचं बोलणं मला माहीत आहे, म्हणून त्या दिवशी मला भ्या वाटलं.

*

सोमवारी सकाळीच नवरा-बायको रानात गेले. तोडणीच्या बायांनी माल भरला. टायरची हवा सोडली. गाडी चिखलातून बराबर रोडवर आली, व्यापारी उभाच होता, माल त्याच्या गाडीत चढला. हे सगळं मला फोनवर कळलं. पहिला फोन बाळूभाऊंचा होता.

"वहिनी, आमच्या घराची चावी तुमच्याकडंच हाये ना? शोकेसमधी मशीन हाये, तेवढं कोणाच्या हातानं धाडून द्या. टायरं बसलीत."

मी म्हणलं, "शोकेसमधी? ते तर गाडीला बसवलं होतं ना?"

"काल काढून ठेवलं."

"का वो?"

"वहिनी, रानात चिखल केवढा हाये! नवीन वस्तू हाये, खराब न्हाई का होणार?"

मी चावी घेऊन गेले. मशीन शोकेसमध्ये होतं, नव्या कपबश्यांच्या शेजारी. वरून प्लास्टिक घातलेलं, प्लास्टिकच्या आत कुंकू जसंच्या तसं. मी ते उचलणार, तेवढ्यात दुसरा फोन वाजला. मंदाचा. मागं मोठ्या गाडीचा आवाज येत होता.

"आक्का, ह्यांचा फोन आल्ता का?"

"आल्ता."

"मी व्यापाऱ्याच्या गाडीत बसून चालले. मार्केटात माल मोजून होईस्तोवर तिथंच उभी राहते." मंग म्हणाली, "ते मशीन लय जपून निवडलंय, आक्का. चिखलात धाडू नका."

मी शोकेसची काच लावली, घराला कुलूप घातलं अन् येऊन गिरणी चालू केली. गिरणी चालू असली की मला फोन ऐकू येत न्हाई. अन् त्या दिवशी दळणं लय होती.