नाकाकडे बघणारी आत्या

आत्या समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची नाही. ती नाकाकडे बघायची. तेही ओझरतं नाही, सोनार नथ पारखतो तसं, मान जराशी तिरकी करून. आता माझं नाक हा आमच्या घराण्यातला नाजूक विषय. मुलगी बघायला गेलो की पोहे बाहेर यायच्या आत आतल्या खोलीत नाकाची चर्चा होऊन गेलेली असायची. त्यामुळे सायखेड्याकडची एक मळेकरीण आमच्या कचेरीत येऊन दर वेळी माझं नाक न्याहाळते, हे मला फार झोंबायचं. एकदा तर मी नाकावर रुमाल धरून तिच्याशी बोललो. तिने सर्दी झाली का म्हणून विचारलं आणि जाताना तुळशीचा काढा कसा करायचा ते सांगून गेली. तिच्या त्या बघण्याचा माझ्या नाकाशी काडीचा संबंध नव्हता, हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली.

आत्या म्हणजे माझी आत्या नव्हे. सुवर्णा आणि राजेंद्र अशा दोन भावंडांची ती आत्या. भाऊ आणि भावजय सुरगाण्याकडच्या घाटात जीप उलटून गेले, तेव्हापासून ही दोन पोरं तिच्या पदरात. ती स्वतः नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली. मूलबाळ नव्हतं. गोदावरीच्या काठाला थोडी जमीन, त्यात झेंडू, शेवंती आणि कडेने मेथी-कोथिंबीर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती नाशिकच्या फूलबाजारात झेंडूचा ढीग लावून बसली होती. सात वर्षांची सुवर्णा आणि पाच वर्षांचा राजेंद्र तिच्या पाठीमागे रिकाम्या गोणपाटांवर खेळत होते. दसऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे वर मान करायला फुरसत नसते. तिने मान वळवली तेव्हा गोणपाटं होती, पोरं नव्हती. कोणी म्हणालं एका बाईबरोबर स्टँडकडे जाताना पाहिली, कोणी म्हणालं फुगेवाल्याच्या मागे गेली. पोलिसांनी नदीत गळ टाकून पाहिले. काही मिळालं नाही. आजतागायत मिळालेलं नाही.

मी तेव्हा एका छोट्याशा सायंदैनिकात वार्ताहर होतो. पंचविशीचा, खांद्याला शबनम, आणि आपण लिहिलं की शासन हलतं अशी पक्की समजूत. ही बातमी मी अशी लिहिली की लिहितानाच माझे डोळे भरून आले. मथळा दिला, ‘गोदामाई, तूही रडलीस ना?’ त्या अंकाच्या पाचपंचवीस प्रती मी स्वतः विकत घेऊन नातेवाइकांत वाटल्या. आत्याला वाचता येत नव्हतं. तिने ती बातमी एसटीच्या कंडक्टरकडून वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंक घडी घालून कचेरीत आली.

“भाऊ, नदी कशाला रडंल?” ती म्हणाली. “तिचं कोन हरवलंय? पोरांच्या अंगावर काय होतं ते लिव.”

मला ते साहित्याचं अज्ञान वाटलं. गाढवापुढे वाचली गीता, असं मी चहाच्या टपरीवर मित्रांना सांगितलंसुद्धा. यातलं गाढव कोण हा प्रश्न मित्रांपैकी एकाने विचारला होता, पण मी तो हसण्यावारी नेला. दुसऱ्या दिवशी मात्र मी मुकाट्याने लिहिलं: मुलीच्या अंगात हिरवा परकर, पोलकं, पायात चप्पल नाही. मुलाच्या अंगात पांढरी बनियन, निळी चड्डी, कमरेला काळा करदोटा.

फोटोचीही तीच तऱ्हा. पोरांचा एकच फोटो होता, गावच्या जत्रेत काढलेला. पुठ्ठ्याच्या मोटारसायकलवर दोघं बसलेली, आणि राजेंद्रच्या डोळ्यांवर फोटोग्राफरचा काळा गॉगल. अर्धं तोंड त्यातच गेलेलं. आम्ही तोच छापला, पोलिसांनीही तोच चिकटवला. काही दिवस अख्खं नाशिक गॉगल लावलेलं पाच वर्षांचं पोर शोधत होतं.

आठ-दहा दिवस सगळ्या पेपरांनी आत्याला डोक्यावर घेतलं. पुढारी येऊन गेले, फोटो काढून गेले. मग दिवाळी आली, जाहिराती आल्या, आणि पोरं पहिल्या पानावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून कुठेच नाही अशी सरकत गेली. आत्या मात्र येत राहिली. बाजाराला आली की माघारी जाताना आमचा जिना चढायची. उरलेल्या फुलांचं तोरण आमच्या दाराला बांधायची आणि विचारायची, “आज पोरांना जागा हाय का?” एसटीत शेजाऱ्याला जरा सरकायला सांगावं तसं. या प्रश्नाला नाही म्हणायची आमच्या संपादकांची हिंमत नव्हती. त्यामुळे तिची चाहूल लागली की ते मागच्या दाराने पान खायला जायचे, आणि नाही म्हणायला मी उरायचो. मलाही ते जमायचं नाही. मग कांद्याच्या भावाखाली, नळाच्या वेळापत्रकाशेजारी, कुठेतरी चार ओळी बसवायचो. याला मी समाजसेवा समजत होतो.

अशाच एका दिवशी मी तिला छापलेल्या चार ओळी वाचून दाखवत होतो. “राजेंद्र, वय पाच, रंग सावळा...” आत्याने मला हाताने थांबवलं. मग म्हणाली, “त्याला राजेंद्र म्हनून कुनी हाकच मारली नाय कधी.”

तेव्हा उलगडा झाला. तिच्या भावाची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून या दोघांची नावं, काळाची नजर पडू नये म्हणून, मुद्दाम टाकाऊ ठेवली होती. ती धोंडी, हा केरू. नावं आत्यानेच ठेवली, बारशाला कुंचीत घालून त्या नावांनी तिनेच हाका मारल्या. सुवर्णा हे शाळेतलं नाव. राजेंद्र तर पुढच्या जूनमध्ये शाळेत घालायचं होतं तेव्हासाठी ठरवून ठेवलेलं, एकदाही न वापरलेलं. पण पेपरवाले आले, पोलीस आले, शिकलेली माणसं वही उघडून बसली. त्यांच्यापुढे धोंडा आणि केर कसा सांगायचा? म्हणून तिने पेटीतली ठेवणीतली लुगडी काढावीत तशी ठेवणीतली नावं काढून दिली. आणि आम्ही गावोगाव त्या पोराला राजेंद्र, राजेंद्र म्हणून हाका मारत सुटलो.

“चांगल्या नावाला ओ कोन देनार?” आत्या म्हणाली. ती माझ्यासमोर रडली ती तेवढ्या एका दिवशी. मी तिला पाणी दिलं आणि ते तिच्याऐवजी माझ्याच सदऱ्यावर सांडलं.

ही नावं छापायची म्हणून ‘धोंडी ऊर्फ सुवर्णा, केरू ऊर्फ राजेंद्र’ असं मी लिहून दिलं. संपादक म्हणाले, ऊर्फ फक्त गुंडांना लावतात. आमची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ऊर्फ राहिलं आणि संपादक पान खायला गेले. त्यानंतर आत्याने ती नावं कधी लपवली नाहीत. स्टँडवर, बाजारात, देवळाच्या पायऱ्यांवर भीक मागणारी पोरं दिसली की ती जवळ जाऊन हळूच म्हणायची, केरू. कोणी वळून बघितलं नाही की पुढे जायची.

मग दोन हजार तीन साली सिंहस्थ आला आणि त्याच्याबरोबर टीव्हीवाले आले. साधूंचे फोटो काढून झाले की त्यांना ‘हरवले-सापडले’ची एखादी कहाणी हवी असायची. एका चॅनेलच्या मुलीला मीच आत्याचं नाव सुचवलं. तोवर माझ्या डोक्यावरचे केस गेले होते, पण टीव्हीवर दिसायची हौस शाबूत होती. मी नवा सदरा घालून आत्याच्या मागे, कॅमेऱ्यात अर्धा येईन असा उभा राहिलो. चॅनेलच्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं, पोरं मेळ्यात हरवली असं म्हटलं तर चालेल का, प्रेक्षकांना जवळचं वाटतं.

“नाय,” आत्या म्हणाली. “दसऱ्याला हरवली. मेळ्याला उगंच कशाला बदनाम करती?”

मग त्यांनी तिला रडायला सांगितलं, तेही तिने केलं नाही. कॅमेऱ्याकडे सरळ बघून ती म्हणाली, “धोंडे, केरू, मी आत्या. मळा हाय तिथंच हाय.” एवढंच. त्यांनी ते दाखवलं. माझा सदऱ्यासकट अर्धा भाग कापला होता, याचं मला दोन दिवस वाईट वाटलं.

आठवड्याभरात कचेरीत एक मुलगा आला. सतरा-अठराचा, हाताला ग्रीसचा वास. सातपूरच्या एका वर्कशॉपात लेथवर होता. लहानपणी मनमाड स्टेशनवर सापडलेला, एका संस्थेत वाढलेला. विजय हे नाव संस्थेने दिलेलं. त्याआधीचं त्याला काही आठवत नव्हतं. टपरीवरच्या टीव्हीत त्याने आत्याला पाहिलं होतं. टेबलाची कड धरून तो मला म्हणाला, “सर, मी केरू असंल का?”

मला काय झालं ते विचारू नका. वय जुळत होतं, रंग सावळा होता. संपादकांनी पहिल्या पानावर सहा कॉलम राखून ठेवले. मी मथळा ठरवून टाकला, फोटोग्राफरला घेतलं आणि आम्ही दोन स्कूटरवरून सायखेड्याकडे निघालो. वाटेत मी विजयला, आत्या दिसली की पळत जा, असंही सांगून ठेवलं होतं. तो बिचारा पळाला नाही. शेवंतीच्या वाफ्याच्या कडेला चपला काढून उभा राहिला.

आत्या फुलं तोडत होती. तिने मान तिरकी करून त्याच्या नाकाकडे बघितलं. एकदाच. मग टोपलं खाली ठेवून पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “ये बाळा. आधी जेवून घे.”

तिने त्याला पिठलं-भाकरी वाढली आणि समोर बसून जेवू घातलं. फोटोग्राफर माझ्या कानाशी लागून, मिठी कधी मारणार, म्हणून विचारत होता. विजयने हात धुतल्यावर आत्या त्याला म्हणाली, “तू माझा केरू नाय रे.”

“नीट बघा ना,” तो म्हणाला. “मला काहीच आठवत नाही. असंलही.”

इथे मी तोंड घातलं. नको तिथे नाक खुपसायला माझ्याइतकं योग्य नाक नाशिक जिल्ह्यात नसेल. मी म्हटलं, आत्या, तुम्हालाही कोणी नाही, यालाही कोणी नाही, ठेवून घ्या की.

“अन् याची आई?” आत्या म्हणाली. “ती शोधत आसंल ना कुठंतरी. मी याला केरू म्हनून ठिवून घेतला, तर तिला हा कधी घावायचा? अन् माझ्या केरूला आसंच कुनी ठिवून घेतलं आसंल, तर?”

फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत घातला. मी शेवंतीकडे बघत बसलो.

नाकाचं ती मला निघताना बोलली. पोर जगावं म्हणून केरूची उजवी नाकपुडी बारशालाच टोचली होती. पोलिसांतल्या एका म्हाताऱ्या हवालदाराने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळं सांगा, पण एक खूण पोटात ठेवा, सोंगं घेऊन येणारे येतात. ही टोचल्याची खूण तिने कोणालाच सांगितली नव्हती, मलाही नाही. मी विचारलं, मग माझ्या नाकाकडे इतकी वर्षं का? मी काय केरू होतो? आत्या हसली. म्हणाली, डोळ्याला सवय लागली, दिसंल त्याचं बघतात. तुझं तर दिसतंच.

त्या दिवशीचे सहा कॉलम रस्त्यावरच्या खड्ड्यांना गेले. आत पाचव्या पानावर विजयचा फोटो छापला, खाली ‘या मुलाला कोणी ओळखता का?’ कोणी आलं नाही. विजय मात्र सुट्टीच्या दिवशी मळ्यात जायला लागला. फुलं तोडायचा, मोटर दुरुस्त करायचा, जेवून परत यायचा. आत्याने त्याला कधी केरू म्हणून हाक मारली नाही. पण बाजाराहून आमच्याकडे आली की विचारायची, आज तिन्ही पोरांना जागा हाय का? आणि खरं सांगतो, एवढ्या वर्षांत मी जे काही लिहिलं, त्यातलं त्या चार-चार ओळींपलीकडे काही टिकावं असं मला वाटत नाही.

चार-पाच वर्षांनी आत्या तापाने गेली. निरोप घेऊन विजय आला. निधनवार्ता मीच लिहायला घेतली. तिचा साचा ठरलेला असतो, झोपेतही लिहिता येतो. ‘त्यांच्या पश्चात’ या शब्दांपाशी माझा हात अडला. मग मी लिहिलं, भाची धोंडी, भाचा केरू. पुढे मला ‘मानसपुत्र विजय’ असे शब्द सुचले आणि सुचल्याबरोबर सवयीने मी स्वतःवर खूश झालो. विजयला वाचून दाखवले.

“नको सर,” तो म्हणाला. “आत्यानं मला ठेवून घेतलं नाही. तुम्ही पेपरात कशाला ठेवता? माझी आई असंल ना कुठंतरी.”

मी ते शब्द खोडले. थोड्या वेळाने डेस्कवरच्या नव्या मुलाने येऊन विचारलं, हे धोंडी आणि केरू राहतात कुठे, लोकांना भेटायला जायचं असतं, पत्ता टाकू का?

मी त्याला म्हटलं, पत्ता कळला की टाकू. आज नुसती नावं जाऊ दे.