एका बाराचं अंतर

विमानतळावरच्या तपासणीत पर्समधली चंची उघडून दाखवावी लागली आणि तंबाखू-चुन्याचा जुना वास आला. माझ्या वडिलांची, आबांची चंची.

बारावीनंतर दिल्लीला शिकायला जायचं मी ठरवलं, तेव्हा आबा तयार होईनात. आटपाडीहून मेंढरं घेऊन आम्ही कऱ्हाडला धावपट्टीच्या कुंपणापाशी उतरलो होतो. एका सकाळी एक लहानसं विमान उडालं.

“ह्ये सांगलीकडं ग्येलं तर किती येळ लागंल?”

“कवलापूरच्या पट्टीवर उतरलं तर पंधरा मिन्टं, आबा.”

तेवढ्याच वाटेला आम्हाला चार मुक्काम लागायचे. वाटेचं अंतर आबा तंबाखूच्या बारांत मोजत; तोंडातला एक बार पंधरा मिनिटं टिकायचा. त्यांनी सावकाश तंबाखू मळली, बार भरला आणि विमान दिसेनासं होईपर्यंत वर बघत राहिले.

“म्हंजी एकच बार. आन् दिल्ली?”

“आठ बार.”

“मंग लय लांब न्हाई. जा.”

पुढं मी सुट्टीत घरी आले की आबा हौसेनं विचारायचे, “आठ बारांत आलीस न्हवं?”

“व्हय,” मी म्हणायचे. दोन दिवस रेल्वेत बसून आलेय, हे त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.