कळांची ड्रिप

"कळ आल्यावर हात कुणीही ठेवतं. कळ गेल्यावर ठेव," म्हणत मोठ्या सिस्टर माझा पंजा उचलून बाईच्या पोटावर ठेवायच्या. "सैल पडलं?" पडलं म्हटलं, की मगच पुढचं बोलायच्या.

मोहन्याच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात मी नवी नर्स होते. सिस्टर आंबिवलीहून चालत यायच्या. डब्यात सुकटीची चटणी. "अख्ख्या वॉर्डला वास येतो," डॉक्टर कुरकुरायचे. "येऊ दे. निदान कुणाला तरी भूक लागेल."

कळांची ड्रिप त्यांनीच मला शिकवली. ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा आणणारं द्रव्य, आपल्याच मेंदूत तयार होतं. बाटलीतलं कारखान्यातलं, पण रचना अगदी तीच. गर्भाशयाला फरक कळत नाही, ते आवळतं. बाळंतपणानंतर हेच औषध रक्तस्राव थांबवून बाईला वाचवतं. "पण आधी जपून. पोट सैल पडतं तेव्हा बाळाला नीट रक्त पोचतं. थेंब भलते वाढवलेस, तर ती उसंतच जाते."

त्या दुपारी एका पहिलटकरणीचं बाळंतपण उरकून डॉक्टरांना मानपाड्याच्या दवाखान्यात पोचायचं होतं. सिस्टर वरच्या मजल्यावर गेलेल्या.

"थेंब वाढव," डॉक्टर मला म्हणाले.

"सर, सिस्टर म्हणाल्यात की…"

"डॉक्टर कोण आहे इथे?"

मी ड्रिपचं चाक फिरवलं.

सिस्टर आल्या, पोटावर हात ठेवला आणि ड्रिप बंदच केली. "दगड झालंय गं पोट! कधीपासून?" मी हात ठेवून पाहिलंच नव्हतं. बाळ झालं, पण रडलं नाही. सिस्टर त्याला पंपाने श्वास देत राहिल्या. डॉक्टर "पुरे" म्हणाले, तरी त्यांचा हात थांबेना.

केसपेपरवर सिस्टरनी लिहिलं, 'डॉक्टरांच्या सांगण्यावरून थेंब वाढवले.' माझं नाव लिहिलं नाही. डॉक्टरांनी ते पान बदललं आणि मला प्रसूतिगृहाच्या मालकांपुढे उभं केलं.

"ड्रिप कोणी वाढवली?"

"मोठ्या सिस्टरनी," मी म्हणाले.

तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. घाबरले होतेच. पण ते वाक्य मी न अडखळता बोलले.

त्यांना त्याच दिवशी काढलं. जाण्याआधी नव्या पेशंटला तपासून गेल्या.

परवा आंबिवलीच्या बाजारात दिसल्या. आता घरोघरी आजारी म्हाताऱ्यांना सांभाळतात. मी मनात माफी जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "वैशालीला पुढे दुसरं झालं का गं?"

"कोण वैशाली?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीतून निघून गेल्या.