दोनवार लांबवणारे आबा

आबांची आणि माझी पहिली ओळख पाठमोरी झाली. मी महाविद्यालयाच्या मैदानाच्या पार टोकाला, कडुनिंबापुढे उभी होते आणि पाठीमागून आवाज आला, "पोरी, ह्यो खेळ संपतो कवा?" थंडीचे दिवस होते, दुपार कलली होती. बेसबॉलच्या संघात माझी जागा सगळ्यांत लांबची. तिथवर चेंडू क्वचितच पोचायचा, त्यामुळे कोवळ्या उन्हात उभ्या उभ्या स्वप्नं बघायची मला सवयच लागली होती. दचकून वळले, तर झाडाखालच्या दगडावर पांढरी टोपी आणि नेहरू शर्ट घातलेले एक गृहस्थ बसलेले, शेजारी पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावणाऱ्या. "मला पण नक्की माहीत नाही," असं मी खरं खरं सांगून टाकलं. ते हसले आणि बसून राहिले. तेच श्री. रंगनाथराव तुपे, आम्हा सगळ्यांचे आबा. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि ते अजून त्याच दगडावर बसतात.

ज्यांनी आमचा मुलींचा संघ तेव्हा पाहिला नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्या शहरानेच, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदानाच्या अलीकडच्या अर्ध्या भागात मुलांचं क्रिकेट चाले. तिथे गर्दी असे, शिट्ट्या असत, गाडीवर भेळ असे. पलीकडच्या अर्ध्यात आम्ही. आमचे प्रेक्षक म्हणजे दोन शेळ्या आणि चुकून आलेला क्रिकेटचा चेंडू शोधणारं एखादं पोर. घरी खेळाचं नाव सांगितलं की "क्रिकेटच ना?" असं विचारलं जाई आणि आम्ही कंटाळून "हो" म्हणत असू. आपण खेळतोय की खेळल्याचं स्वप्न पडलंय, अशी शंका मला कधी कधी यायची. कुणी बघतच नसेल, तर फरक तरी काय, असं वाटायचं.

आबा दुसऱ्या दिवशीही आले. भाजी आणायला म्हणून निघायचं आणि येताना मैदानावरून यायचं, असा त्यांचा क्रम ठरला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तीनदा चेंडू हुकला का बाद, व्हय?"

"हो आबा. पंच मोजतात. एक, दोन, तीन."

"आस्सं! म्हंजी आमच्यावाणीच की."

त्यांचं आयुष्य वैजापूरच्या मोंढ्यात कांद्याच्या लिलावाची बोली पुकारण्यात गेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ढिगाभोवती व्यापारी जमायचे, बोली चढत जायची, थांबली की आबा पुकारायचे, एकवार, दोनवार, तीनवार. तीनवार म्हटलं की सौदा पक्का. वय झाल्यावर ते शहरात, गारखेड्यात मुलाकडे राहायला आले. पण मोंढ्यात कमावलेला तो आवाज फ्लॅटमध्ये मावेना. दूधवाल्याला हाक मारली तरी वरच्या मजल्यावरचे लोक खाली वाकून बघायचे. सूनबाई दार लोटून घ्यायच्या. (सूनबाई, रागावू नका, हे आबांनीच हसत सांगितलं आहे.) बिचारे कुजबुजत जगायला शिकत होते.

त्या दिवशी सरावात आमची एक मुलगी खेळायला उभी राहिली आणि पहिला चेंडू हुकला. पंच काहीतरी पुटपुटले. आणि माझ्या पाठीमागून, कडुनिंबाखालून, आवाज उठला, "एऽऽकवार!" क्रिकेटवाल्यांनी खेळ थांबवून इकडे बघितलं. दुसरा चेंडू हुकला. "दोऽऽऽऽनवाऽऽऽर!" तो दोनवार संपेचना. तो मैदानावरून तरंगत पार गेटपर्यंत गेला, आणि तो विरेपर्यंत चेंडू टाकणारी मुलगी हात खाली सोडून नुसती उभी राहिली. मी ऐकत राहिले. ऊन जागच्या जागी थांबल्यासारखं वाटलं. माझ्या सगळ्या खेळाच्या आयुष्यात इतकी सुंदर दुपार दुसरी नाही.

दोनवार एवढा लांब का, असं मी नंतर विचारलं. आबा म्हणाले, "अगं, मानूस रातभर गाडी हाकत आलेला असतो. तीनवार म्हनलं का त्याचं समदं संपलं. मंग मधी थोडी जागा नको का? एखाद्या व्यापाऱ्याचं मन पालटतं, दोन रुपये वाढवतो. मला घाई कसली? माझ्या घरी काय पोळ्या करपत व्हत्या?" मोंढ्यातले व्यापारी या लांबणीला वैतागायचे, आणि शेतकरी मात्र आपला ढीग आबांनीच पुकारावा म्हणून वाट बघत थांबायचे, हे मला पुढे त्यांच्या जुन्या सोबत्यांकडून समजलं.

बेसबॉल त्यांना कधीच धड समजला नाही, हे या गौरवग्रंथात नमूद केलं तर ते रागावणार नाहीत. रेषेबाहेर लांब गेलेल्या फुकटच्या फटक्यांना ते आजही टोपी उडवून दाद देतात. आम्ही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. एवढ्या आनंदात मोडता कोण घालणार!

पण न्याय त्यांना समजत होता. बाहेरगावच्या संघाची मुलगी खेळत असली, तरी आबांचा दोनवार तेवढाच लांब. आमची कप्तान एकदा चिडून म्हणाली, "आबा, ती आपली नाही, तिला कशाला वेळ देता?" आबा शांतपणे म्हणाले, "माल कुनाचाबी असू दे, दोनवार लांबच म्हनायचा असतो." तीनवार मात्र ते हळूच म्हणत, खाली मातीकडे बघत. बाद झालेल्या मुलीच्या तोंडाकडे त्यांनी त्या क्षणी कधीच पाहिलं नाही.

गुलमंडीतल्या कापडदुकानदाराची मुलगी निखत आमच्यात सगळ्यांत जोरात मारायची आणि सगळ्यांत जास्त हुकायचीही. एका सामन्यात ती तिन्ही वेळा हुकली आणि कडुनिंबाआड जाऊन रडत बसली. आम्ही समजूत घालून थकलो. आबांनी पिशवीतून एक पेरू काढला, शर्टाला पुसला, तिच्या हातावर ठेवला. "खा. भाव पडला म्हनून माल नासका नसतो गं बाय." निखत रडता रडता हसली आणि तिला ठसका लागला.

हळूहळू आवाजाच्या ओढीने माणसं येऊ लागली. भाजी घेऊन निघालेल्या बायका टेकायच्या, फिरायला आलेले निवृत्त लोक रेंगाळायचे. तरी हे सगळं दहा-पाच माणसांचंच होतं. माझं शेवटचं वर्ष सुरू होतं तेव्हा प्राचार्य सरांनी आम्हाला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. अडचणीत होते. क्रिकेटला मैदान पुरत नव्हतं. "मुलींनो, बघायला कुणी येतं का तुमचा खेळ? मग अर्धं मैदान अडवून काय करायचं? हा हंगाम खेळून घ्या, नंतर बघू." नंतर बघू म्हणजे काय, ते आम्हाला कळलं. शेवटचा सामना बघायला ते स्वतः येणार होते.

आम्ही आबांना सांगितलं. ते पिशवी उचलून घरी गेले. पण दुसऱ्या दिवसापासून ते गारखेड्याच्या गल्ल्यांतून पुकारत फिरू लागले. मग निखतला सोबत घेऊन गुलमंडीत गेले. "लेकींचा खेळ हाय होऽऽ, बघाया याऽऽ!" दुकानदार गिऱ्हाईक सोडून ओट्यावर येत. मोंढ्यातून सुटल्यापासून असं दिवसदिवस पुकारण्याची सवय राहिली नव्हती. सामन्याच्या दिवशी सकाळी आबांचा घसा साफ बसला होता.

"आबा, गले कू क्या हो गया?" निखतने घाबरून विचारलं. आबांनी नुसता हात हलवला, म्हणजे तू खेळ.

त्या दुपारी आमच्या अर्ध्या मैदानाच्या कडेला माणसंच माणसं होती. गुलमंडीचे कापडवाले, भाजीवाल्या, निरोप मिळताच वैजापूरहून टेम्पोत बसून आलेले आबांचे जुने हमाल सोबती. प्राचार्य सर खुर्चीवर बसले होते. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. आम्ही एका धावेने मागे होतो आणि शेवटची खेळाडू निखत. ती बाद झाली की सगळं संपणार होतं.

पहिला चेंडू हुकला. मी सवयीने कडुनिंबाकडे बघितलं. आबा उठून उभे राहिले, तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. मग त्यांच्या शेजारच्या एका हमालाने घसा खाकरून म्हटलं, "एकवार."

दुसरा चेंडू हुकला आणि सगळं मैदान बोललं. "दोऽऽऽऽनवाऽऽऽर!" बायका, पोरं, दुकानदार, सगळे. ते थांबेनात. एकाचा श्वास संपला की दुसरा उचलून धरत होता. धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत होती. समोरच्या संघाची मुलगी चेंडू छातीशी धरून हसत उभी राहिली, पंचांनीही घाई केली नाही. आबा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता हे असंच राहील, आम्ही सगळ्या कायम याच दुपारी उभ्या असू.

आवाज विरला. तिसरा चेंडू आला. निखतने जिवाच्या आकांताने बॅट फिरवली आणि ती हुकली.

तीनवार कुणीच म्हणालं नाही.

आम्ही हरलो होतो, पण एकही माणूस जागचा हलला नाही. प्राचार्य सर उठले आणि चालत आबांपाशी आले. "आबा, पुकारा संपवा की," ते म्हणाले. आबांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. मी तोवर शेजारी पोचले होते, म्हणून ती कुजबुज मला ऐकू आली. "साहेब, तीनवार झाला नाय. म्हंजी सौदा झाला नाय. माल अजून आमचाच हाय."

सरांनी त्या गर्दीवरून नजर फिरवली. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या वर्षी सराव कधी सुरू करता?"

आज त्या संघाला मी शिकवते. निखतची धाकटी बहीण आता आमच्याकडून खेळते आणि बहिणीइतकीच हुकते. आबांचा आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही, पण त्यांनी दगडावर बसून नुसता हात वर केला की कडेची माणसं दोनवार उचलतात. नवीन मुलींना वाटतं, बेसबॉलमध्ये सगळीकडे असंच असतं. त्यांनाही आम्ही दुरुस्त केलेलं नाही.

आबा, तुम्ही उभं आयुष्य दुसऱ्यांसाठी दोनवार लांबवलात. आता आमची पाळी. तुमची तब्येत ठणठणीत राहो, पिशवीतले पेरू कधी न सरोत, कडुनिंबाची सावली तुमच्यावर असो. तुमच्यासाठी आम्ही सगळ्यांनी छाती भरून श्वास घेतला आहे आणि दोनवार सुरू केला आहे. एकीचा दम संपला की दुसरी उचलेल. आम्हाला कसलीही घाई नाही.