गूळपाण्याचं बटण

आईचा फोन आला तेव्हा मी रामनगरच्या शाळेत पाचवीला भागाकार शिकवत होते. "सदू गेला गं... जीपमध्येच," एवढंच ती बोलली. आठवड्यातून दोनदा आमच्या गावाहून, गुंदहून, त्याला घेऊन जीप निघायची, रामनगरला मी चढायची आणि आम्ही बेळगावला त्याच्या डायलिसिसला जायचो. त्या सोमवारी जीप माझ्यापर्यंत पोचलीच नाही. जोयड्याच्या पुढून त्याला घेऊन माघारी वळली.

महिना होत आला. सदू माझा धाकटा भाऊ, कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचा. आजारपणात पुण्याची खोली सोडून घरी आला आणि पडवीत बसून, नेट मिळेल तसं काम करायचा. शेवटचा गेम अंतराळातला होता. ग्रह, आरमारं, तह. त्यात हरणाऱ्यानं शरण कसं जायचं, हे ठरवायचं काम त्याच्याकडं. "अक्का, लढ न्हाईतर मर, एवढंच? ह्याला काय राजकारण म्हणायचं व्हय?" म्हणून वैतागायचा.

आमच्याकडं भांडण मिटवायला कुणी दारात आलं की आधी गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढं करतात. गूळ तोंडात पडला की त्याचं ऐकून घ्यावंच लागतं. सदूनं तेच गेममध्ये घातलं. दुबळा ग्रह म्हणणार, सगळं घ्या, फक्त आम्हाला आमच्या घरात राहू द्या. जिंकणाऱ्यापुढं तीन बटणं... मंजूर, नामंजूर, गूळपाणी. तिसरं दाबलं की तोफा बंद आणि आधी समोरच्याचं बोलणं. खेळून बघायला हक्काची मी. दर शनिवारी मी लॅपटॉपवर, तो समोर मोबाईलवर. तो शरण आला की मी खुशाल नामंजूर दाबायची. मास्तरीण मी, अर्धवट सोडणं मला जमत नाही. "मेल्या, लढ की!" म्हणायची. "दारात आलेल्याला एकदा तरी पाणी विचार गं," तो हसायचा.

शेवटच्या शनिवारी हसला नाही. डाव तसाच ठेवून म्हणाला, "अक्का, बेळगाव पुरं आता. मला हितंच राहू दे, ह्या पडवीत. तू व्हय म्हटलंस तर आई ऐकंल." डॉक्टरही म्हणाले होते, आता घरच्यांनी ठरवा. मी सरळ ओरडले, "हात टेकायचे न्हाईत! सोमवारी गपचूप जीपमध्ये बसायचं." आणि तो बसला हो... माझं ऐकून, गपचूप. हो म्हटलं असतं तरी तो गेलाच असता, हे मला कळतं. पण घरात गेला असता. दिवसातून दहादा हेच डोक्यात येतं.

परवा गुंदला गेले, पडवीत त्याचा लॅपटॉप उघडला. डाव तिथंच थांबलेला. 'आम्हाला आमच्या घरात राहू द्या.' खाली तीन बटणं. मी गूळपाणी दाबलं. तोफा थांबल्या, आणि अक्षरं आली, 'समोरचा खेळाडू बोलेपर्यंत थांबा.'

मी थांबले. उन्हं पोफळींच्या मागं गेली. बॅटरी संपत आली तशी आई चार्जर घेऊन आली, म्हणाली, "लावू काय गं?"

"लाव," म्हटलं.